पुढचे पाहून चालवलेला कारखाना

उसाचा रस काहिलीत आटत असताना गुळव्या काय पाहत असतो? वरवर पाहता तो फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार आणि उलथन्यावरून ओघळणारी धार पाहतो. मधूनच पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का, हे तपासतो. पण त्याचे खरे लक्ष असते आणखी पाच-दहा मिनिटांनी काय होणार याकडे. पाक तयार झाल्यावर जाळ कमी करायला सांगितले, तर उशीर झालेला असतो. चुलवणातले निखारे, तापलेल्या भिंती आणि काहिलीचा जाड पत्रा यांत साठलेली उष्णता पाकाला पुढेही तापवत राहते. म्हणून पाक अजून थोडा कच्चा असतानाच तो जाळ घालणाऱ्या गड्याला थांबवतो. गूळ साधारणपणे ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरवतात. काही अंशांचा फरक पडला, की एकतर गूळ मऊ राहतो, ढेप धरत नाही. नाहीतर करपून काळा पडतो.

कराड-कोल्हापूर भागात हे दृश्य नवे नाही. त्यात दडलेल्या तीन गोष्टी मात्र नीट वेगळ्या करून पाहण्यासारख्या आहेत. पहिली : जाळ कमी केला तर पाकाचे काय होईल, याचे एक चित्र गुळव्याच्या डोक्यात तयार असते. दुसरी : त्या चित्राच्या आधारे तो पुढच्या काही मिनिटांचा अंदाज बांधतो. तिसरी : कोणती मर्यादा ओलांडायची नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. याच तीन गोष्टी गणिताच्या भाषेत मांडून संगणकाकडे सोपवल्या, की जे तंत्र तयार होते त्याला ‘मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘भाकिताधारित नियंत्रण’ म्हणू. जगभरातील तेलशुद्धीकरण आणि रासायनिक कारखान्यांत हे तंत्र आज रुळले आहे. ते कसे चालते आणि त्यामुळे कारखाना एकाच वेळी अधिक सुरक्षित आणि अधिक काटकसरी कसा होऊ शकतो, हे या लेखात पाहू.

घडून गेल्यावर दुरुस्ती

घरातली विजेची इस्त्री घ्या. ती ठरावीक तापमानाच्या वर गेली, की आतील पट्टी वाकून वीज बंद होते. थंड झाली, की पुन्हा सुरू होते. हवे ते तापमान आणि प्रत्यक्ष तापमान यांतला फरक पाहायचा आणि तो कमी होईल अशी कृती करायची, या पद्धतीला प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात. नियंत्रणाचे सगळे शास्त्र या कल्पनेवर उभे आहे.

कारखान्यात यापेक्षा सुधारलेला नियंत्रक वापरतात. तो झडप एकदम पूर्ण उघडत किंवा बंद करत नाही. किती उघडायची हे तो तीन गोष्टींवरून ठरवतो : आत्ता फरक किती आहे, आतापर्यंत एकूण किती फरक साचला आहे, आणि फरक किती वेगाने बदलतो आहे. या तीन संज्ञांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पीआयडी’ नियंत्रक म्हणतात. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूचा अभ्यास करताना या पद्धतीची गणिती मांडणी केली. अनुभवी सुकाणूधारक जहाज कसे वळवतो याचे निरीक्षण त्यामागे होते. आजही कारखान्यांतील बहुतेक झडपा याच पद्धतीने चालतात आणि उत्तम चालतात.

मग अडचण कोठे येते? हा नियंत्रक आधी चूक घडू देतो आणि मग ती दुरुस्त करतो. फरकाचा वेग पाहून तो थोडासा कल ओळखतो, पण त्यापलीकडे पुढचे त्याला दिसत नाही. शिवाय एक नियंत्रक सहसा एकाच मापाकडे पाहतो आणि एकच झडप हलवतो. शेजारच्या झडपेचे काय चालले आहे, हे त्याला ठाऊक नसते.

उशीर हा खरा शत्रू

हिवाळ्याच्या सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला, तर सुरुवातीला थंडच पाणी येते. आपण नळ आणखी सोडतो. तरीही थंड! आणखी सोडतो. आणि मग एकदम चटका बसतो. घाईघाईने नळ बंद केला, की थोड्या वेळाने पुन्हा थंड पाणी. येथे नळ बिघडलेला नसतो. आपली कृती आणि तिचा परिणाम यांत जो वेळ जातो, तो आपण हिशेबात धरलेला नसतो. उशीर असताना घाईने दुरुस्ती करणारा नियंत्रक असाच हेलकावे खातो.

कराड तालुक्यात यशवंतनगरला ‘सह्याद्री’ आणि रेठरे बुद्रुकला ‘कृष्णा’ असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. साखर कारखाना हा आपल्या भागातला सर्वांच्या ओळखीचा रासायनिक कारखाना. गळीत हंगामात अशा कारखान्यात काय घडते ते पाहा. मिलमधून आलेला रस किंचित आम्लधर्मी असतो. तो गरम करून त्यात चुन्याचे दुधाळ पाणी आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात. रसाचा सामू, म्हणजे पीएच, ७ च्या आसपास ठेवायचा असतो. सामू खाली गेला, तर गरम रसातल्या साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ती साखर पोत्यात येत नाही, मळीबरोबर जाते. सामू फार वर गेला, तर रसाचा रंग गडद होतो आणि चुनाही वाया जातो.

ही मर्यादा सांभाळणे अवघड असते, कारण सामू हे सरळ रेषेत वाढणारे माप नाही. सामू ७ वरून ६ झाला, तर हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट होते. ७ च्या जवळ चुन्याचे थोडेसे पाणी जास्त पडले, तरी सामू झपकन उडी मारतो. त्यातच चुना मिसळणे, त्याची रासायनिक क्रिया पूर्ण होणे आणि तो रस मापकापर्यंत पोहोचणे यांत काही मिनिटे जातात. दरम्यान मिलमधून येणारा रस बदललेला असतो. सकाळी ताजा ऊस आला, दुपारी तोडून दोन दिवस झालेला आला, तर आम्लता वेगळी असते. मागचे पाहून चुना घालणारा नियंत्रक सतत एक पाऊल मागे राहतो.

हौदाचे गणित

पुढचे पाहिल्याने नेमका काय फरक पडतो? त्यासाठी वर्गात फळ्यावर करता येईल असे एक छोटे गणित घेऊ. त्यातील आकडे सोयीसाठी आम्ही ठरवले आहेत.

मिलमधून येणारा रस एका हौदात जमा होतो आणि तेथून पंपाने पुढे इव्हॅपोरेटरकडे जातो. हौदात आत्ता ५० एकके रस आहे. दर दहा मिनिटांना १० एकके येतात आणि १० एकके जातात. नियम तीन आहेत. एक, हौदातला रस ३० एककांच्या खाली जाता कामा नये, नाहीतर पंप हवा ओढू लागेल. दोन, पुढे जाणारा प्रवाह ५ एककांपेक्षा कमी करता येत नाही. तीन, प्रवाह एका फेरीत एकाच एककाने बदलता येतो. तो एकदम तोडला, तर इव्हॅपोरेटरच्या नळ्या कोरड्या पडून आतली साखर करपेल.

आता गव्हाणीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसते, की अड्ड्यावरच्या गाड्या संपत आल्या आहेत. वीस मिनिटांनी ऊस संपेल आणि पुढची खेप यायला अर्धा तास लागेल. म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या पहिल्या दोन फेऱ्यांत १० एकके रस येईल, पुढच्या तीन फेऱ्यांत शून्य.

फक्त हौदाची पातळी पाहणारा नियंत्रक पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच करणार नाही, कारण पातळी ५० वरच आहे. तिसऱ्या फेरीअखेर ती ४० होईल, तेव्हा तो जागा होईल. चौथ्या फेरीत प्रवाह ९ आणि पाचवीत ८ करेल. पातळी होईल ३१ आणि मग २३. मर्यादा मोडली.

पुढचे पाहणारा नियंत्रक असा हिशेब करतो : हौदात ५० आहेत, येणार २०, शेवटी ३० उरले पाहिजेत. म्हणजे पाच फेऱ्यांत मिळून ४० एककांपेक्षा जास्त सोडता येणार नाहीत. मग तो आत्तापासूनच प्रवाह ९, ८, ८, ८, ७ असा ठेवतो. पातळी होते ५१, ५३, ४५, ३७, ३०. एकही नियम मोडला नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत पातळी चक्क वाढताना दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, रस भरपूर असताना हा प्रवाह का कमी करतो आहे? त्याचे उत्तर त्याने पाहिलेल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीत आहे.

पण येथे थांबून चालणार नाही. उसाची खेप अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटांनी आली तर? आणि ही बातमी चौथ्या फेरीअखेर कळली तर? तेव्हा पातळी ३७ आहे. पाचव्या फेरीत ७ आणि सहावीत ६ सोडले, तर पातळी २४ वर येते. मर्यादेला घासून केलेली योजना थोड्या उशिराने कोसळली. त्याऐवजी सुरुवातीपासून शेवटी ३५ उरतील अशी योजना केली असती, म्हणजे प्रवाह ९, ८, ७, ६, ५ ठेवला असता, तर पातळी ५१, ५३, ४६, ४०, ३५ झाली असती आणि सहाव्या फेरीत ५ सोडूनही बरोबर ३० उरले असते. भाकीत चुकू शकते, हे धरूनच योजना करावी लागते.

नियंत्रणाच्या पायऱ्या

भाकिताधारित नियंत्रणात संगणक दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी हेच करतो, पण एका हौदासाठी नव्हे. दहा-वीस झडपा आणि तितकीच किंवा त्याहून अधिक मापे एकत्र धरून.

पहिली पायरी प्रतिमानाची. कोणती झडप किती हलवली, तर कोणते माप किती वेळाने किती बदलेल, हे सांगणाऱ्या समीकरणांच्या संचाला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. ते दोन रीतींनी मिळते. वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेच्या नियमांवरून ते मांडता येते. किंवा चालू कारखान्यात एखादी झडप थोडीशी उघडून मापे कशी बदलतात याची नोंद करून ते बांधता येते. दुसरी रीत आपण सर्वजण नकळत वापरतो. नवी सायकल हाती आली, की आधी ब्रेक थोडा दाबून पाहतोच ना?

दुसरी पायरी भाकिताची. झडपा अमुक रीतीने हलवल्या, तर पुढील तासाभरात काय होईल, याचे उत्तर प्रतिमान देते.

तिसरी पायरी निवडीची. झडपा हलवण्याचे असंख्य मार्ग असतात. त्यांपैकी जे मर्यादा मोडतात ते बाद होतात. उरलेल्यांतून हव्या त्या मापाच्या सर्वात जवळ राहणारा, कमी वाफ खाणारा आणि झडपा फार न झटकणारा मार्ग संगणक निवडतो. गणितात याला इष्टतमीकरण म्हणतात. बारावीच्या विद्यार्थ्यांनी रेषीय प्रायोजनाची उदाहरणे सोडवलेली असतात. आलेखावर मर्यादांच्या रेषा काढून त्यांच्यामधल्या क्षेत्रात सर्वात चांगला बिंदू शोधायचा, हेच ते गणित, फक्त चले पुष्कळ.

चौथी पायरी सर्वात महत्त्वाची. संगणक पुढील तासाभराची योजना करतो, पण तिच्यातली फक्त पहिली कृती अमलात आणतो. मग पुन्हा मापे घेतो, भाकीत आणि प्रत्यक्ष यांतला फरक पाहतो, आणि सगळी योजना नव्याने करतो. कराडहून चिपळूणला जाताना रात्री कुंभार्ली घाटात गाडी चालवणारा चालक असेच करतो. दिव्यांच्या उजेडात दिसते तेवढ्या रस्त्याचा तो विचार करतो, थोडे पुढे जातो, आणि उजेडही त्याच्याबरोबर पुढे सरकतो. म्हणून या तंत्राला सरकत्या क्षितिजाचे नियंत्रण असेही म्हणतात. प्रत्याभरण येथे सोडून दिलेले नाही. त्याला दूरदृष्टीची जोड दिली आहे.

हे तंत्र आले कोठून

ही कल्पना विद्यापीठात नव्हे, कारखान्यांत रुजली. १९७० च्या दशकात खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि इंधनाच्या बचतीला मोल आले. त्याच सुमारास कारखान्यांत संगणक येऊ लागले होते. फ्रान्समध्ये झाक रिशाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली आपल्या औद्योगिक प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेत शेल कंपनीतील चार्ल्स कटलर आणि ब्रायन रॅमेकर यांनी तेलशुद्धीकरणात वापरलेली स्वतंत्र पद्धत त्याच दशकाच्या अखेरीस जगापुढे मांडली. तिच्यामागचे सखोल गणित, म्हणजे असा नियंत्रक नेहमी स्थिर राहील का याची सिद्धता, पुढच्या दोन दशकांत तयार झाले. आधी वापर आणि मग सिद्धांत, असा हा प्रवास आहे. जो क्विन आणि थॉमस बॅजवेल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जगातील अशा साडेचार हजारांहून अधिक वापरांची नोंद आहे. भारतात मुंबईच्या आयआयटीतील रासायनिक अभियांत्रिकी विभागात प्रा. सचिन पटवर्धन यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

मर्यादेजवळ, तरीही सुरक्षित

आता काटकसरीकडे वळू. त्यासाठी पुन्हा साखर कारखान्यात जाऊ.

स्वच्छ झालेल्या रसात शंभर भागांत सुमारे १५ भाग विरघळलेले घन पदार्थ असतात. या प्रमाणाला ब्रिक्स म्हणतात. हा रस एकापुढे एक जोडलेल्या बंद पात्रांत आटवून सुमारे ६० ब्रिक्सचा पाक करतात. पहिल्या पात्रात रसातून निघालेली वाफ दुसऱ्या पात्राला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक पात्रात दाब कमी असल्याने रस कमी तापमानाला उकळतो. म्हणून चार पात्रांच्या साखळीत एक किलो वाफेत ढोबळमानाने चार किलो पाणी उडते. पुढे पॅनमध्ये हा पाक आणखी आटवून साखरेचे दाणे तयार करतात. तेथे मात्र एक किलो पाण्याला जवळजवळ एक किलो वाफ लागते.

समजा, पाक ६२ ब्रिक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे कारखान्याने ठरवले आहे. नियंत्रण ढिले असेल आणि ब्रिक्स चार अंकांनी वरखाली होत असेल, तर सरासरी ५८ ठेवावी लागते. नियंत्रण सुधारून हा हेलकावा दोन अंकांवर आला, तर सरासरी ६० वर नेता येते आणि ६२ ची मर्यादाही पाळली जाते.

यातून किती बचत होते? १०० किलो रसात १५ किलो घन पदार्थ आहेत. ६० ब्रिक्सचा पाक होईल २५ किलो, म्हणजे ७५ किलो पाणी उडाले. ५८ ब्रिक्सचा पाक होईल सुमारे २५.८६ किलो, म्हणजे ७४.१४ किलो पाणी उडाले. उरलेले ०.८६ किलो पाणी पॅनमध्ये उडवावे लागेल आणि त्याला ०.८६ किलो वाफ लागेल. तेच पाणी पात्रांच्या साखळीत उडवले असते, तर सुमारे ०.२१ किलो वाफ पुरली असती. फरक ०.६५ किलो, दर १०० किलो रसामागे. दिवसाला ५,००० टन रस हाताळणाऱ्या कारखान्यात हा फरक सुमारे ३२ टन वाफेचा होतो. पॅनसाठी ताज्या वाफेऐवजी पात्रांतूनच काढलेली वाफ वापरत असतील, तर बचत याहून कमी होईल. पण दिशा तीच राहील. वाचलेली वाफ म्हणजे वाचलेला बगॅस, आणि सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्यात बगॅस म्हणजे वीज.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की मर्यादा कोणीही शिथिल केलेली नाही. हेलकावे कमी झाले, म्हणून सरासरी मर्यादेकडे सरकवता आली. सुरक्षितता आणि काटकसर या एकमेकींच्या विरोधात असतात, असे आपण सहसा समजतो. चांगल्या नियंत्रणात दोन्ही एकाच कारणाने साधतात.

परतीची वाट बंद होण्यापूर्वी

कुंभार्ली घाट उतरून खाली गेले, की लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत लागते. तेथे आणि महाराष्ट्रातील इतर वसाहतींत औषधे, रंग, कीटकनाशके यांसाठीची रसायने बनवणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतल्या कित्येक क्रिया उष्मादायी असतात, म्हणजे त्यांतून उष्णता बाहेर पडते. ती काढून घेण्यासाठी पात्राभोवतीच्या आवरणातून थंड पाणी फिरवतात. अशा पात्रात पुढचे पाहणे जीवनमरणाचे ठरू शकते.

अभिक्रियेचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो, हे आपण शिकवतो. निर्माण होणारी उष्णताही मग दुप्पट होते. थंड पाण्याने काढून घेता येणारी उष्णता मात्र पात्र आणि पाणी यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणातच वाढते. पाणी ३० अंशांचे आहे, आणि ६० अंशांना अभिक्रियेतून १० एकके उष्णता निघते असे धरू. झडप पूर्ण उघडली, तर दर अंश फरकाला १ एकक उष्णता काढता येते. मग,

६० अंशांना : निर्माण १०, काढता येण्याजोगी ३०.
७० अंशांना : निर्माण २०, काढता येण्याजोगी ४०.
८० अंशांना : निर्माण ४०, काढता येण्याजोगी ५०.
९० अंशांना : निर्माण ८०, काढता येण्याजोगी ६०.

सुमारे ८५ अंशांपाशी दोन्ही सारख्या होतात. त्यापलीकडे पाण्याची झडप पूर्ण उघडली, तरी तापमान वाढतच जाते, आणि वाढत्या तापमानाने वेग आणखी वाढतो. धोक्याची घंटा ९० अंशांना लावली असेल, तर ती वाजेपर्यंत परतीची वाट बंद झालेली असते. ७८ अंशांवर उभ्या असलेल्या साध्या नियंत्रकाला मात्र सगळे ठीक दिसते, कारण झडप अजून पूर्ण उघडलेली नाही.

भाकिताधारित नियंत्रक फक्त आजचे तापमान पाहत नाही. पात्रात न वापरले गेलेले रसायन किती साठले आहे, ते सगळे अभिक्रियेत उतरले तर किती उष्णता निघेल, आणि थंडाव्याची किती क्षमता शिल्लक आहे, हे तो मोजतो. वाट बंद होण्याआधीच तो रसायन सोडण्याचा वेग कमी करतो. उन्हाळ्यात थंड पाणीच ३५ अंशांचे झाले, तर सुरक्षित तापमानही खाली येते, हेही त्याच्या हिशेबात असते.

कोयनेची दारे

हाच हिशेब कारखान्याबाहेरही लागू पडतो, आणि कराडकरांना त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हा मोठ्या हौदाचाच प्रश्न आहे. वर धरणाच्या सुरक्षिततेची मर्यादा, खाली नदीपात्राची मर्यादा, आणि पुढच्या वर्षाच्या विजेसाठी व शेतीसाठी पाणी राखायची गरज. सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीला पोहोचायला कित्येक तास लागतात. म्हणजे येथेही कृती आणि परिणाम यांत उशीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूरने जो महापूर सोसला, त्यानंतर पावसाच्या अंदाजावरून पाणी आधीच सोडण्याचा मुद्दा घराघरांत चर्चिला गेला. पण पावसाचे भाकीत हौदाच्या भाकिताइतके खात्रीचे नसते. अंदाज खोटा ठरला तर धरण अर्धवट राहते. खरा ठरला आणि पाणी सोडलेले नसेल तर पूर येतो. म्हणून एकाच भाकितावर विसंबून न राहता अनेक शक्य भाकितांना पुरेल अशी योजना करण्याच्या पद्धतींवर आज जगभर काम चालू आहे.

संगणकावर किती विसंबावे

या तंत्राच्या मर्यादा सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. प्रतिमान जेवढे खरे, तेवढेच भाकीत खरे. उसाची जात बदलली, पात्रांच्या नळ्यांत आतून थर साचला, तर हंगामाच्या सुरुवातीला बांधलेले प्रतिमान हंगामाच्या शेवटी लागू पडत नाही. सामू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर रसातला थर बसला, तर ते चुकीचे माप दाखवते आणि संगणक त्या चुकीच्या मापावर अत्यंत काटेकोर गणित करतो. म्हणून इलेक्ट्रोड वेळच्या वेळी धुणारा कामगार या सगळ्या यंत्रणेत गणितज्ञाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भाकिताधारित नियंत्रण हे सुरक्षा-उपकरण नव्हे. चांगल्या कारखान्यात सुरक्षिततेचे एकावर एक थर असतात : रोजचे नियंत्रण, धोक्याची घंटा, यंत्रणा आपोआप बंद करणारी स्वतंत्र व्यवस्था, दाब वाढला की उघडणारी झडप, आणि शेवटी गळती झालीच तर ती निष्प्रभ करणारी साधने. भाकिताधारित नियंत्रण सर्वात आतल्या थरात बसते. पुढच्या थरांना काम पडू नये, हे त्याचे काम. त्या थरांची जागा ते घेऊ शकत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूची गळती झाली, तेव्हा टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा वापरात नव्हता. थरच काढून ठेवलेले असतील, तर उरलेला भार एकट्या नियंत्रकावर टाकता येत नाही.

वर्गात करून पाहा

हौदाचे गणित खेळ म्हणून घेता येते. एका गटाला फक्त हौदाची पातळी सांगा, दुसऱ्याला ऊस कधी संपणार हेही सांगा. दोन्ही गटांनी प्रत्येक फेरीत प्रवाह ठरवून पातळीचा आलेख काढावा. मग मध्येच एखादी खेप उशिरा आणा आणि कोणत्या गटाने हाताशी थोडा साठा राखला होता ते पाहा. पाचव्या फेरीनंतर मिल सुरू झाल्यावर हौद पुन्हा ५० वर आणताना प्रवाह कसा वाढवावा, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांसाठी ठेवतो. उत्तरे एकापेक्षा अधिक आहेत. कोणते चांगले आणि का, यावर वर्गात वाद व्हावा.

हंगामात शाळेची सहल साखर कारखान्यात नेलीत, तर मुलांनी यंत्रे मोजत फिरण्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारावेत. येथे कोणती मर्यादा ओलांडायची नाही? ती जवळ आली हे कोणाला आणि कशावरून कळते? आणि कळल्यानंतर काही करायला किती मिनिटे हाती असतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पॅनवर उभा असलेला अनुभवी माणूस बहुधा घड्याळ न पाहता देईल.